थांबणारी दवंडी

खरे सांगा, शेवटचा हुकूम तुम्ही मानलात तेव्हा तो कोण देतो आणि का देतो हे विचारले होते काय? की डफडे वाजले, आवाज आला, आणि मान डोलावून तुम्ही पुन्हा आपल्या कामाला लागलात? दुसरेच खरे असणार. आमच्या गावाचेही तसेच झाले. फरक इतकाच, की आमच्या गावात विचारणारा एक मनुष्य होता, आणि तो दुसरातिसरा कोणी नसून दवंडी पिटणाराच होता. हुकूम ओरडून सांगणे हे त्याचे पोटापाण्याचे काम. पण विचारल्याशिवाय त्याने एकही हुकूम ओरडला नाही. गाव त्याला सवाल्या म्हणे. त्याचे खरे नाव मी इथे लिहीत नाही. तो होता तोवर ते आम्ही कोणी तोंडातून काढले नाही. आता काढायला आम्हाला तोंड उरलेले नाही.

उंच, वाळलेला, कमरेत किंचित वाकलेला. खांद्यावर घोंगडीचा तुकडा आणि काखेत डफडे. त्याचे घर वेशीबाहेर. आमच्या आजोबांच्या वयाचा, तरी आम्ही त्याला ‘अरे सवाल्या’ म्हणत असू, आणि तो ‘जी बापू’ म्हणे. या एका वाक्यात आमच्या गावाची सगळी सभ्यता आली.

चावडीवर कागद आला की पाटील तो वाचून दाखवीत. वाचून झाले की सवाल्या डफडे जमिनीवर टेकवी आणि तीन प्रश्न विचारी. नेहमी तेच तीन, त्याच क्रमाने. “कोन म्हन्ते? कायच्या जोरावर म्हन्ते? आन् कवापर्यंत?” पाटील चिडत. “तुले काय करा लागते रे? तुह्यं काम बोंबलाचं, बोंबल.” सवाल्या हलत नसे. “बोंबलतो ना मालक. पन हुकूम माह्या तोंडातून जाते. जेवनारा घास चाखून पाह्यते, मंग मी काहून चाखू नोको?” पाटलांना उत्तर द्यावेच लागे. उत्तर दिले नाही तर पुढे गावात त्यांचीच पंचाईत होई, आणि ती आमच्या गावच्या एका रिवाजामुळे.

तो रिवाज असा, की आमच्याकडे दवंडी थांबवता येत असे. कोणीही, बाई असो, गडी असो, वेशीच्या आतला असो की बाहेरचा, डफडेवाल्याच्या वाटेत आडवा उभा राहिला, की डफडे थांबलेच पाहिजे. त्याने विचारायचे आणि डफडेवाल्याने सांगायचे. सांगता आले नाही तर चावडीवर परत जायचे, उत्तर आणायचे, आणि मगच पुढचे पाऊल टाकायचे. हा रिवाज कोणी घातला ते कोणालाच ठाऊक नव्हते. धनजला माझी मावशी राहते. तिथे असले काही नव्हते. तिथला डफडेवाला पाठीमागे कुत्रे लागल्यासारखा एका दमात गावभर फिरून येई. मला तेव्हा धनजचीच पद्धत झकपक वाटे. आमची दवंडी पाच ठिकाणी अडखळत, लोकांची बोलणी खात, दुपारपर्यंत रेंगाळे.

एकदा, इंग्रजांच्याच राज्यात, गायरान बंद झाल्याची दवंडी निघाली. मारोतीच्या पारापाशी भिवराबाई आडवी आली. तिला नवरा नव्हता, शेत नव्हते. सात शेळ्या होत्या आणि त्या गायरानावर जगत. डोक्यावर गवताचा भारा तसाच ठेवून तिने विचारले, “कवापर्यंत बंद हाये रे सवाल्या? माह्या बकऱ्याईनं काय तुह्यं डफडं खावं?” लोक हसले. सवाल्याही हसला. पण पाटलांनी त्याला ‘पुढचा हुकूम होईपर्यंत’ इतकेच सांगितले होते, आणि हे उत्तर नव्हे असे त्याचे मत होते. तो मागे फिरला. चावडीवर दोन घटका बसून राहिला. शेवटी पाटलांनी चरफडत खरे ते सांगितले, की तालुक्याचे साहेब मुक्कामाला आहेत, त्यांच्या घोड्यांसाठी गायरान हवे, चार दिवसांचा प्रश्न आहे. सवाल्याने पुन्हा पारापाशी येऊन पहिल्यापासून दवंडी दिली: “साहेबाच्या घोड्याईसाठी, चार दिवस, पाचव्या दिवशी खुलं.” पाचव्या दिवशी भिवराबाई शेळ्या घेऊन गेली, आणि तिला कोणी अडवले नाही. अडवणार कसे? साऱ्या गावाने मुदत ऐकली होती.

लढाईच्या काळात फंडाची दवंडी आली. लोकांनी स्वखुशीने फंड द्यावा, न देणाऱ्याचे नाव चावडीवर कळवले जाईल. सवाल्या कागदाकडे बघतच राहिला. त्याला अक्षर येत नव्हते, पण कागदाकडे असा बघे की लिहिणाऱ्याला घाम फुटावा. “मालक,” तो म्हणाला, “खुशी हाये तं नाव कायले? आन् नाव लिवाचं हाये तं खुशी कायची? दोनातलं एक सांगा, एकाच डफड्यावर दोनी वाजत नाईत.” पाटलांनी त्याला शिव्या घातल्या, पण त्या दिवशी दवंडी फक्त ‘स्वखुशीने’ एवढीच झाली.

हे सगळे मी पाहिले होते, आणि त्यातून मी काहीही शिकलो नव्हतो. मी गोऱ्यांविरुद्धच्या पत्रकांवर वाढलेला. कारंज्याच्या कापसाच्या जिनातून परतणाऱ्या गाड्यांत, सरकीच्या पोत्यांखाली दडवून ती येत. पुस्तकाआधी मी पत्रक वाचायला शिकलो. त्यातली वाक्ये मला पाठ होती. ती वाचताना छातीत भट्टी पेटे. मारोतीच्या पारावर बसून मी ती लोकांना मोठ्याने वाचून दाखवीत असे, आणि सवाल्या खाली, पारापासून चार हात दूर, एका धोंड्यावर बसून ऐके. मी समतेची पत्रके पारावरून वाचत होतो आणि तो खालून ऐकत होता. एकदा मला ओशाळल्यासारखे झाले असावे. मी म्हणालो, “सवाल्या, ऐकू येतं का रे तिथून?” तो म्हणाला, “वाच बापू. खाली समदंच ऐकू येते.” मी वाचत राहिलो. त्याला वर बोलावण्याचे मला सुचले नाही. आज ते आठवले की मला माझ्याच आवाजाची शिसारी येते.

एका पत्रकात होते, की जनतेचे राज्य येणार. सवाल्याने धोंड्यावरूनच विचारले, “जनता म्हंजे कोन बापू? तू का मी?”

“सगळे.”

“समदे तं चावडीवर मावत नाईत. मंग थ्या जागेवर बसन कोन?”

“लोक ज्याला बसवतील तो.”

“बरं. बसोलं. थो बसला. मंग थो आडवातिडवा वागाले लागला, तं त्याले उठवाचं कसं? थे लिवलं हाये का तुह्या कागदात?”

पारावरची मंडळी हसली. मीही हसलो आणि म्हणालो, “आधी गोऱ्याला घालवू दे, मग बघू.” सवाल्याने डफड्यावरून बोटे फिरवली. “पाहुना येयाच्या आंधी दाराले कडी लावा लागते बापू,” तो म्हणाला. “थो आत येऊन बसल्यावर सुताराले बोलावनं बरं दिसत नाई.”

मला वाटले, म्हातारा भित्रा आहे. गुलामी अंगात मुरली आहे. त्याच्यावर एक पत्रक लिहावे असेही मनात आले होते. राज्य कशावर उभे असते, हुकूम देणाऱ्याला तो हक्क कुठून येतो, तो कुठे संपतो, हे प्रश्न मला नागपूर-अमरावतीच्या कॉलेजांत पान खात चघळायचे प्रश्न वाटत. लढणाऱ्याला त्यांचे काय काम? पत्रकांनी मला कोणाला हाकलायचे ते शिकवले होते. त्याच्या जागी येणाऱ्याला काय विचारायचे, याची एक ओळ माझ्या त्या सगळ्या गठ्ठ्यात नव्हती. आणि ती नाही, हे आमच्या गावात एकालाच कळले होते, ज्याला वाचता येत नव्हते.

मग गोरा गेला, झेंडा लागला. गावात ग्रामसमिती झाली. अध्यक्ष कोण व्हावे? दादासाहेब. गावातली निम्मी काळी जमीन त्यांची. साहेबाच्या मुक्कामाला तंबू त्यांच्याच मळ्यात पडे, घोड्यांच्या खरारेवाल्यांना जेवण त्यांच्याच वाड्यातून जाई. आता त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती, इतकी कडक इस्त्रीची, की वारा आला तर वाजावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. समितीचा चिटणीस मी झालो, कारण माझे अक्षर चांगले होते आणि मला पत्रकाची भाषा येत होती.

पहिल्याच बैठकीत दादासाहेब म्हणाले, “बापू, हे दवंडी थांबवाचं खूळ आता बंद करा लागते. गोऱ्याच्या राज्यात ठीक होतं. आता आपलंच राज्य हाये. आपलाच मानूस हुकूम देते, आपलाच मानूस ऐकते, मंग मधात विचारपूस कायची?” मला ते पटले. नुसते पटले नाही, तर मला ते भव्य वाटले. मी झटकन कागद ओढला आणि लिहिले, की ग्रामसमिती हीच जनता होय; तिचा आदेश हा जनतेचाच आवाज होय; म्हणून यापुढे समितीच्या दवंडीस वाटेत अडवणारा मनुष्य जनतेचा द्रोही समजला जाईल. लिहिताना माझ्या छातीत तीच जुनी भट्टी पेटली होती. हा मजकूर माझा आहे. यातला एकही शब्द दादासाहेबांनी सांगितला नव्हता. त्यांना इतके चांगले लिहिता आले नसते.

सवाल्याला चावडीवर बोलावले. या वेळी कागद मी वाचला. त्याने डफडे टेकवले. “कोन म्हन्ते?”

“समिती. म्हणजे जनता.”

“कायच्या जोरावर?”

“सवाल्या, जनतेला कोणाच्या जोराची गरज नसते.”

“कवापर्यंत?”

मी हातातला कागद उलटून पाहिला. दादासाहेब सुपारी कातरत होते. म्हणाले, “कायमचं. काहून? तुले काय कमी पडते?”

सवाल्याने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावून बघावे, तसे ते पाहणे होते. “बापू,” तो म्हणाला, “तीस वर्सं गोऱ्याचे हुकूम सांगतले. लय वंगाळ हुकूम सांगतले. पन कोनी आडवं आलं तं थांबत गेलो, म्हून गावात तोंड दाखवता आलं. हा हुकूम मी सांगतला, तं पुढचा कोनताई सांगा लागते.” त्याने डफडे उचलून चावडीच्या पायरीवर ठेवले, पालथे नाही, उताणे, आणि त्याच्यावर ते वाजवायचे टिपरू. मग तो मला म्हणाला, “येतो हुजूर.”

हुजूर. आयुष्यभर बापू म्हणणारा तो म्हातारा. दादासाहेबांना गंमत वाटली. “पाह्यलं का बापू, वळखलं त्यानं तुले,” ते म्हणाले, आणि चावडी हसली. मी रागाने लाल झालो. मला वाटले, त्याने माझा अपमान केला. खरे तर तो नुसते बघून सांगत होता.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांच्या गोठ्यातला गडी किसना डफडे घेऊन निघाला. वेशीत सवाल्या आडवा उभा होता. एकटाच. “थांब किसना,” तो म्हणाला. किसनाचे पाय जागच्या जागी अडखळले. रिवाज पायांत मुरलेला होता. त्याने मागे वळून आमच्याकडे पाहिले. आम्ही समितीचे पाच जण पाठीमागून चाललो होतो. दादासाहेबांनी नुसती हनुवटी हलवली. किसना बाजूने वळसा घालून पुढे गेला, डफडे आणखी जोरात वाजवत. दोन्हीकडच्या ओट्यांवर निम्मे गाव होते. याच लोकांनी साहेबाच्या हुकमाला आडवे जाऊन चार-चार प्रश्न विचारले होते. यातल्या काहींनी तुरुंगाची भाकर खाल्ली होती. त्यांच्यातला एकही ओट्यावरून खाली उतरला नाही. कोणीतरी म्हणाले, “सरक ना बुढ्या, राज्य बदललं.” आणि लोक हसले. परक्याच्या भीतीने गप्प बसणारे गाव मी समजू शकतो. आपला मनुष्य दुखावेल म्हणून गप्प बसणारे, वर हसणारे गाव मला माफ करता येत नाही. आणि त्या गावाच्या पुढे, कागद हातात धरून, मी चाललो होतो.

काम गेले तसे सवाल्याला खळ्यावर मिळणारे बलुत्याचे धान्यही गेले. आठ दिवसांनी तो मुलीकडे इंझोरीला निघाला. मी वाटेवर भेटलो. खरे म्हणजे भेट चुकवता आली नाही. मी म्हणालो, “म्हाताऱ्या, उगाच हट्ट केलास.” तो म्हणाला, “हट्ट नाई हुजूर. मले दुसरं काई येतच नाई.” आणि गेला.

तीन महिन्यांनी किसना दवंडी देत आला, की गायरान समितीच्या कामासाठी घेतले आहे, त्यावर कोणाची गुरे दिसता कामा नयेत. कोणते काम? कोणाच्या ठरावाने? किती दिवस? मी चिटणीस असून मला माहीत नव्हते. पारापाशी भिवराबाई आडवी आली. “कवापर्यंत रे किसना?” किसना तिच्या बाजूने निघाला. तिने त्याचा हात धरला, त्याने झटकला, ती पारावर आपटली. तेव्हा मी धावलो आणि वाटेत उभा राहिलो. “थांब,” मी म्हणालो. “उत्तर दे.”

किसना खरोखर घाबरला. त्याने बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. “नाई थांबता येत बापूसाहेब. हा पाहा ना, तुमचाच कागद हाये.”

तो माझाच कागद होता. खाली माझीच सही. पाठीमागून दादासाहेब आले, त्यांनी तो कागद किसनाच्या हातून घेतला, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, “बापू, अक्षर मात्र मोत्यावानी हाये तुह्यं.” ओट्यांवरचे लोक हसले. किसना पुढे गेला. पोळ्याच्या आत गायरानावर दादासाहेबांचा नांगर फिरला. भिवराबाईने शेळ्या कारंज्याच्या बाजारात नेल्या, आणि येताना रिकामी दोरी डोक्याला गुंडाळून परत आली.

मी चिटणीसपद सोडले आणि इंझोरीला गेलो. सवाल्याची माफी मागायची होती, आणि त्याला पारावर नेऊन बसवायचे होते. त्याला वारून बारा दिवस झाले होते. मुलीने मला पाणी दिले आणि उभ्या-उभ्याच सांगितले, “इथं दवंडी थांबत नाई ना बापू. पन माह्या बापाले कोन सांगन? डफडं वाजलं का जाये आन् रस्त्यात उभा राहे. लोक हाताले धरून बाजूले करत. म्हनत, बुढा येडा होऊन राह्यला.”

“कोणीच थांबलं नाही?”

“एक डाव थांबला इथला डफडेवाला. नवा होता. बापानं विचारलं, कोन म्हन्ते, कायच्या जोरावर, कवापर्यंत. थो म्हने, मले काय ठावूक बुवा. बाप म्हने, मंग विचारून ये, मी हाओ इथंच. आन् बसला रस्त्यात. दिवस बुडेपर्यंत बसला. थो काई आला नाई.” तिने माझ्या हातातले भांडे परत घेतले. “पन त्या दिवशी पोटभर जेवला.”

मी तिच्यापुढे हात जोडले आणि आल्या वाटेने परत आलो. गाव तसेच आहे. झेंडा आहे, टोपी आहे, डफडे एका दमात गावभर फिरून येते. धनजसारखे झकपक झाले आहे सगळे.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे मला एकच मागायचे आहे, आणि ते मनातल्या मनात मान्य करून चालणार नाही. तुमच्या गावात यापुढची दवंडी येईल तेव्हा हातातले काम खाली ठेवा, ओट्यावरून उतरा आणि वाटेत उभे राहा. कोण म्हणते, कशाच्या जोरावर म्हणते आणि केव्हापर्यंत, हे विचारा. उत्तर येईपर्यंत हलू नका. आणि हुकूम देणारा तुमच्या जातीचा, तुमच्या पक्षाचा, तुमच्या मनातला मनुष्य असेल, त्याच्या निवडीला तुम्ही माझ्यासारख्या टाळ्या वाजवल्या असतील, तर दुसऱ्या कोणाची वाट पाहू नका. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही उतरा.